माप देऊन घेतलेला कॉम्प्युटर



आपल्या पानावर सध्या घरात आलेल्या पहिल्या वस्तूंच्या आठवणी चालू आहेत. रेडिओ झाला, स्कूटर झाली, मेळ्यातून सवलतीत आणलेला फ्रीज झाला. मी कॉम्प्युटरबद्दल लिहितो. लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

गोष्ट २०१० च्या मे महिन्यातली. फेब्रुवारीत मी बँकेतून निवृत्त झालो होतो. सदतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं समोर कॉम्प्युटर होता, पण तो बँकेचा. घरी काही नव्हतं. आजोबा ग्वाल्हेर संस्थानच्या हिशेबखात्यात होते, त्यांच्या मोडी कागदांची एक ट्रंक माझ्याकडे आहे. कागद पिवळे पडून कडा झडायला लागल्या होत्या. ते सगळे स्कॅन करून ठेवावेत आणि चार ओळी मराठीत टाइप कराव्यात, एवढाच हेतू होता.

मुलगा सुटीत पुण्याहून आला होता. तो म्हणाला, "बाबा, लॅपटॉप घ्या, विषय संपवा." मी म्हटलं, मला टेबलावर मांडायचा, मोठ्या पडद्याचा हवा. तो म्हणाला, "मग दुकानात जाऊ नका. कंपनीच्या साइटवर आपल्याला हवा तसा बनवून मागवता येतो." कंपनीचं नाव मी लिहीत नाही, जाहिरात करायची नाही.

थाटीपुरात मे महिन्याची दुपार म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. बाहेर लू, घरात कूलर, आणि त्याच्या लॅपटॉपवर आम्ही दोघं. पडद्यावर एक यादी आली. प्रोसेसर कोणता, रॅम किती, हार्ड डिस्क केवढी, मॉनिटर किती इंची, विंडोज कुठलं, वॉरंटी एक वर्षाची की तीन. प्रत्येक ओळीपुढे तीन-चार पर्याय. एक बदलला की कोपऱ्यातली किंमत लगेच बदलायची. मी दोन तास तोच खेळ खेळलो. प्रोसेसर वर नेला, किंमत वाढली, मग डिस्क खाली आणली. कोर आय-थ्री त्याच वर्षी नवा आला होता, तो घेतला. हार्ड डिस्क ३२० जीबी. रॅम चार जीबीवरून दोन जीबीवर आणली आणि वाचलेल्या पैशात मॉनिटर मोठा घेतला. मुलगा म्हणाला, "बाबा, हे उलटं करताय." मी ऐकलं नाही. हिशेब पस्तीस हजारांच्या आत बसला.

आमच्या सौ. मागे उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "हे तर शिंप्यासारखं झालं. कॉलर कशी, बाही केवढी, खिसे किती."

आणि ते खरंच होतं. लहानपणी लष्करात आमचं सगळं मापानेच यायचं. कपडे दौलतगंजच्या शिंप्याकडून, दागिना सराफ्यात सांगून, चपलासुद्धा पाय कागदावर ठेवून. पुढे सगळंच तयार मिळू लागलं आणि माप द्यायची सवय मोडली. म्हातारपणी ती परत आली ती कॉम्प्युटर घेताना, याची मला गंमत वाटली.

मात्र एक फरक होता. शिंपी कपडे नेताना पैसे घ्यायचा, फार तर थोडी उचल. इथे सगळेच्या सगळे पैसे आधी द्यायचे, आणि वस्तू अजून जगात अस्तित्वातच नाही! कार्डाचा नंबर टाकला, मग आणखी एक पासवर्ड मागितला. तो रिझर्व्ह बँकेने आदल्याच वर्षी, १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीचा केला होता. आमच्या शाखेत ग्राहकांना तो समजावून सांगता सांगता माझा घसा बसला होता. आता स्वतः टाकताना हात थबकला. मुलगा म्हणाला, "दाबा हो बाबा." दाबलं.

त्या रात्री झोप लागली नाही. पैशांची काळजी नव्हती. खतावण्या, ताळेबंद आणि मालाची विवरणपत्रं बघण्यात आयुष्य गेलेला मी बी.कॉम. माणूस. अंथरुणात पडल्या पडल्या मी त्या कंपनीचा ताळेबंद मनात मांडत होतो. गिऱ्हाइकाचे पैसे आज आले. सुटे भाग देणाऱ्याला महिन्याने द्यायचे. गोदामात तयार माल जवळजवळ नाहीच. म्हणजे धंद्यात अडकलेलं खेळतं भांडवल किती? शून्याच्याही खाली. सदतीस वर्षांत माझ्यासमोर कर्जाला आलेल्या एकाही माणसाचा कागद असा नव्हता.

ही पद्धत कुणी रूढ केली, ते नंतर वाचून काढलं. मूळ आहे १९८१ मध्ये. त्या वर्षी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर काढला तो घाईत, बाजारात मिळणारे भाग जोडून. प्रोसेसर इंटेलचा, प्रणाली मायक्रोसॉफ्टची. त्यामुळे तेच भाग दुसऱ्या कुणालाही घेऊन जोडता येऊ लागले. यादीतून निवडता येणारा कॉम्प्युटर शक्य झाला तो इथून. मग १९८४ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला मायकेल डेल नावाच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हजार डॉलरवर कंपनी काढली. दुकानदार मध्ये नकोच, फोनवर ऑर्डर घ्यायची, पैसे घ्यायचे, मग जोडायचं आणि घरी पाठवायचं. १९९६ मध्ये त्यांनी हीच यादी इंटरनेटवर टाकली, आणि वर्षभराच्या आत रोजची विक्री दहा लाख डॉलरवर गेली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांच्याकडे साठा असायचा सहा-सात दिवस पुरेल एवढा. दुकानांमार्फत विकणाऱ्या कंपन्यांचा माल कित्येक आठवडे वाटेत आणि गोदामात पडून असायचा. २००७ मध्ये त्यांनी चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला कारखाना काढला आणि त्याच वर्षी अमेरिकेत दुकानांतूनही विकायला सुरुवात केली. म्हणजे दुकानदाराला वगळणाऱ्यांनाही शेवटी दुकानदार लागलाच. असो.

साठा कमी ठेवण्याचं एवढं कौतुक का? कारण कॉम्प्युटरचे भाग हा नाशवंत माल आहे. आपण गहू ठेवला तर भाव वाढायची आशा असते. चिप ठेवली तर तिच्याहून चांगली चिप तेवढ्याच पैशांत थोड्याच महिन्यांत येते. टोमॅटोचं दुकान आणि कॉम्प्युटरचं दुकान यांत फरक एवढाच, की टोमॅटो सडलेला दिसतो.

हे मला २०१० मध्ये कळलं. कळायला हवं होतं १९९९ मध्ये. का, ते सांगतो. ज्याची ही गोष्ट आहे त्याला विचारून लिहितोय. नाव लिहिणार नाही, आणि ओळखलंत तरी खाली लिहू नका.

त्याआधी थोडं बँकेबद्दल. कॉम्प्युटर आणि आम्ही बँकवाले यांचं सुरुवातीला अजिबात पटलं नाही. यंत्रं आली की नोकऱ्या जातील, असं युनियनचं म्हणणं, आणि मीही फलक धरून बाड्यावर उभा राहिलेला आहे. १९८३ मध्ये बँकांचा आणि संघटनांचा पहिला करार झाला, १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला, आणि मग शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं आली. आमच्याकडे यंत्राला काचेची खोली, एसी आणि बाहेर चपला काढायची सक्ती! हेड कॅशिअरने नारळ फोडला होता. पण बरीच वर्षं खरं काम वह्यांतच चालायचं. १९९८ मध्ये केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी आदेश काढला, की १ जानेवारी २००१ च्या आत बँकांचा सत्तर टक्के व्यवहार कॉम्प्युटरवर आला पाहिजे. मग एकदम धावपळ सुरू झाली. नोकरी कुणाची गेली नाही, हे खरं. पण भरती आटली, आणि २००० च्या स्वेच्छानिवृत्तीत देशभरात लाखाच्या वर लोक घरी गेले. आमची भीती अगदीच खोटी नव्हती.

तर १९९८ मध्ये मी कर्जविभागात होतो. एजी ऑफिसमधून निवृत्त झालेल्या माझ्या एका परिचितांचा मुलगा माझ्याकडे आला. आपलाच, लष्करातल्या वाड्यात वाढलेला. बी.एस्सी. करून दिल्लीत वर्षभर नेहरू प्लेसला काम शिकला होता आणि थाटीपुरात दुकान टाकायचं म्हणत होता. "काका, आता प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक कोचिंगमध्ये कॉम्प्युटर लागणार. कंपनीचा महाग पडतो. मी गिऱ्हाइकाला विचारून, त्याला हवा तसा जोडून देईन." बघा, तीच यादी! फक्त इंटरनेटऐवजी रेघांच्या वहीवर.

चार लाखांची कॅश क्रेडिट मंजूर केली. वडील जामीन. माल हायपोथिकेशनवर. महाराष्ट्रातल्या सहकारी बँका याला नजरगहाण म्हणतात. शब्द चपखल आहे. माल त्याच्याच दुकानात राहतो, बँकेची त्यावर फक्त नजर. दर महिन्याला तो विवरणपत्र द्यायचा, मधूनमधून मी जाऊन माल मोजायचा, आणि पंचवीस टक्के मार्जिन वगळून उरलेल्या किमतीइतके पैसे त्याला उचलता यायचे.

पहिलं वर्ष उत्तम गेलं. रात्रीच्या गाडीने दिल्लीला जायचा, दुसऱ्या रात्री खोके घेऊन परत. दुकानात चौदा इंची मॉनिटर भिंतीसारखे रचलेले, आणि रॅमच्या पट्ट्या मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात. मी गेलो की तो डबा उघडून दाखवायचा आणि हसून म्हणायचा, "काका, यात बर्फी नाही, पण बर्फीपेक्षा महाग आहे."

२१ सप्टेंबर १९९९ ला तैवानमध्ये मोठा भूकंप झाला. जगातल्या चिपचा मोठा वाटा तिथे बनतो. कारखाने थांबले, वीज गेली, आणि नेहरू प्लेसला रॅमचे भाव रातोरात चढले. पोरगा धावत आला. "काका, अजून वाढणार म्हणताहेत सगळे. आत्ता घेऊन ठेवतो. एक लाख वाढवून द्या, तीन महिन्यांपुरते." मी दिले. अधिकारात बसत होतं, खातं स्वच्छ होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं की पोरगं हुशार आहे, संधी ओळखतंय.

कारखाने आम्हाला वाटलं त्यापेक्षा फार लवकर सुरू झाले. काही महिन्यांत रॅमचे भाव निम्म्याहून खाली आले. त्याच्या डब्यातला माल तेवढाच होता, एकही पट्टी कमी नाही. मी दोनदा जाऊन मोजल्या. विवरणपत्रात दर खरेदीचा लिहिलेला, नग जुळले, आणि रजिस्टरमध्ये मी लिहिलं: साठा पाहिला, विवरणपत्राप्रमाणे बरोबर.

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात, साठ्याचं मूल्य खरेदीची किंमत किंवा बाजारभाव, यांपैकी जे कमी असेल ते. मी हे तोंडपाठ म्हणून दाखवू शकत होतो. पण आयुष्यभर मी बघितलेला माल म्हणजे कापडाचे ठाण, तेलाचे डबे, मोहरीची पोती. पोती तेवढीच असली की पैसे तेवढेच, ही डोळ्यांची सवय. मी डबा मोजला, आतला भाव विचारला नाही. विचारला असता तर तेव्हाच ड्रॉइंग पॉवर खाली आली असती, त्याला पट्ट्या तोट्यात विकाव्या लागल्या असत्या, तीस-चाळीस हजारांवर निभावलं असतं. न विचारल्यामुळे तो महागातल्या पट्ट्या धरून बसला. शेजारच्या दुकानदाराने नव्या भावाने कॉम्प्युटर विकले, याचा खप थांबला. तोवर कंपन्यांनीही आपले दर उतरवले.

खातं २००१ मध्ये थकीत झालं. मी तेव्हा बदलीवर गेलो होतो, वसुली दुसऱ्याने केली. वडिलांनी निवृत्तीच्या पैशांच्या ठेवी मोडून खातं बंद केलं. ते मला बाड्यावर एकदा भेटले, नेहमीसारखेच बोलले, तब्येत विचारली. त्या विषयावर एक अक्षर नाही. मला ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आता परत २०१० मध्ये येतो. ऑर्डर दिल्यापासून बारा-तेरा दिवसांनी फोन आला. "बाबूजी, थाटीपुर में किधर आना है?" मी म्हटलं, "मयूर मार्केट आ जाओ, वहाँ से बताता हूँ." हातगाडीवर दोन खोके आले. गल्लीतली पोरं जमली. एका खोक्यावर माझं नाव छापलेलं होतं आणि खाली मी निवडलेली सगळी यादी, ओळीने. कुठल्याशा कारखान्यात कुणीतरी माझं नाव वाचून हे जोडलं, याचं मला फार अप्रूप वाटलं. तो कागद मी अजून ठेवला आहे.

यंत्र छान होतं. मराठीही आपोआप दिसू लागलं, काही घालावं लागलं नाही. विंडोजमध्ये देवनागरीसाठी तेव्हा जो मंगल नावाचा फाँट यायचा तो आपल्या आर. के. जोशी सरांनी घडवलेला, मुंबईच्या आयआयटीत शिकवायचे ते. आपण तेव्हा रोज त्यांची अक्षरं वाचायचो आणि नाव ठाऊक नसायचं, म्हणून इथे लिहिलं.

पण स्कॅनिंग सुरू केलं आणि मुलाचं "उलटं करताय" आठवलं. एक पान सहाशे डीपीआयने रंगीत घेतलं की रॅममध्ये शंभर एमबीच्या वर जागा खातं. चार-पाच पानं उघडली की यंत्र हाशहुश करत बसायचं. मोठा मॉनिटर समोर झळकतोय आणि त्यावर फिरणारं चक्र! चूक कंपनीची नव्हती, माप मीच चुकीचं दिलं होतं.

आणखी दोन जीबीची पट्टी घालायला माणूस शोधायला लागलो. शेजाऱ्यांनी एकाचा नंबर दिला. "घरी येऊन करतो, प्रामाणिक आहे, तुमच्यातलाच आहे." फोन लावला. आवाज ऐकून मी गप्पच झालो. पलीकडून तोच म्हणाला, "काका ना? ओळखलं मी. उद्या दहाला येतो."

दहाला आला. केस पिकले होते, पाठीवर बॅग. शाळा आणि कोचिंग क्लासांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायची कंत्राटं घेतो, म्हणाला. सौ.नी पोहे केले. त्याने आधी वॉरंटीचा कागद वाचला, रॅम घातल्याने ती जात नाही ना याची खात्री केली, मग पेचकस काढला. बाजूचं झाकण उघडल्यावर बराच वेळ आत बघत राहिला. वायरी एका बाजूला नीट बांधलेल्या, सगळं आपापल्या जागी. "जोडणी चांगली आहे," म्हणाला. "आमच्याकडे घाईत एवढं व्हायचं नाही."

मी म्हटलं, "अरे, तू हेच करत होतास. गिऱ्हाइकाला विचारून जोडून द्यायचास."

"हो. पण मी माल आधी आणायचो काका, गिऱ्हाईक मागाहून. यांनी उलटं केलं." आणि रिकाम्या खाचेवर बोट ठेवून म्हणाला, "आमच्यासारख्यांना आगाऊ पैसे दिले असते का तुम्ही?"

मी विचार केला. नसते दिले. थाटीपुरात कुणीच दिले नसते. ज्याला आयुष्यात कधी बघितलं नाही अशा कंपनीला मी एका दुपारी पस्तीस हजार दिले, आणि ज्याला लहानपणापासून ओळखत होतो त्याला बँकेने पैसे दिले ते वडिलांच्या सहीवर.

मग मी ते बोललो. रजिस्टरमध्ये काय लिहिलं होतं ते, भाव विचारला नाही ते, सगळं. अकरा वर्षांनी. तो पट्टी खाचेत बसवत होता. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् टक् वाजून लागल्या. म्हणाला, "भाव उतरलेत हे मला रोज दिसत होतं. तुम्ही आलात की छातीत धडधडायचं, आज विचारणार म्हणून. तुम्ही विचारलं नाहीत की सुटल्यासारखं वाटायचं. बाबांना मात्र यातलं काही सांगितलं नव्हतं."

त्याचे बाबा आदल्या वर्षीच गेले होते. मला कळलं नव्हतं.

कॉम्प्युटर सुरू केला, पानं झरझर उघडायला लागली. आजोबांच्या हातचं एक हिशेबाचं पान पडद्यावर आलं, ते तो वाकून बघत होता. मोडी येत नाही म्हणाला, पण आकडे वाचता येतात.

पैसे विचारले तर आधी नको नको म्हणाला. मी ऐकलं नाही. मग त्याने खिशातून पावतीपुस्तक काढून लिहून दिलं. रॅम दोन जीबी, नग एक, दर, आणि मजुरी दोनशे. मी सवयीने आकड्यांवरून बोट फिरवत बेरीज तपासायला लागलो.

"आजच्या भावाने लावलाय, काका," तो म्हणाला.